पाच गावांचं एक हायस्कूल

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ‘बीसीएलयूडब्ल्यू’ नावाचं एक हायस्कूल आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते एखाद्या रेडिओ केंद्राचं नाव वाटलं होतं. निघाली पाच गावांची आद्याक्षरं: बीमन, कॉनरॅड, लिस्कम, युनियन आणि व्हिटन. हायस्कूल कॉनरॅडमध्ये, मधल्या इयत्तांची शाळा युनियनमध्ये. उरलेल्या तीन गावांच्या वाट्याला नावातलं एकेक अक्षर.

आयोवात अशी नावं जागोजाग सापडतात. ॲप्लिंग्टन–पार्कर्सबर्ग. ग्लॅडब्रुक–राइनबेक. एक्सायरा–एल्क हॉर्न–किंबॉलटन. नावातली प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एकेकाळी वेगवेगळ्या असलेल्या शाळांमधला तह. कुणाचं नाव आधी, इमारत कुणाच्या गावात, खेळाच्या संघाचा रंग कोणता, हे सगळं त्या तहात ठरतं. त्याआधी किती रात्री भांडण्यात गेल्या, ते नावावरून कळत नाही.

खेड्यांतल्या छोट्या शाळा बंद करून सगळ्यांची मिळून एक मोठी शाळा करण्याच्या या प्रकाराला तिकडे ‘कन्सॉलिडेशन’ म्हणतात. आपण एकत्रीकरण म्हणू. वरवर पाहिलं तर यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. मुलं थोडी, खर्च फार, मग करा एक. पण हा वाद अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षं चालू आहे आणि अजून मिटलेला नाही. माझ्या मते त्याचं कारण असं, की या व्यवहाराची जमा एका वहीत लिहिली जाते आणि खर्च दुसऱ्याच वहीत पडतो. वाचलेले पैसे शाळेच्या ताळेबंदात दिसतात. त्यासाठी मोजलेला वेळ मुलांच्या सकाळ-संध्याकाळीतून जातो, त्याची पावती कुणी फाडत नाही.

आधी एक घोळ निस्तरू

अमेरिकी शाळांबद्दल वाचताना मराठी वाचकाची हमखास फसगत करणारा शब्द म्हणजे ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’. त्याचं भाषांतर जिल्हा असं केलं की पुढचं सगळं चुकत जातं. स्कूल डिस्ट्रिक्ट ही फक्त शाळा चालवण्यासाठी असलेली स्वतंत्र स्थानिक संस्था. बहुतेक ठिकाणी तिचं मंडळ लोकांनी निवडून दिलेलं असतं, कर लावण्याचा अधिकार तिचा असतो आणि इमारतीसाठी काढलेलं कर्जही तिच्याच डोक्यावर असतं. तिची हद्द गावाच्या किंवा काउंटीच्या (राज्यातला आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) हद्दीशी जुळेलच असं नाही. काही डिस्ट्रिक्टमध्ये लाखो मुलं आहेत, तर काहींमध्ये एका बसमध्ये मावतील एवढी.

म्हणून ‘शाळा एकत्र केल्या’ या वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक, डिस्ट्रिक्ट तेच, फक्त त्यातल्या दोन-तीन इमारती बंद करून मुलं एका इमारतीत आणली. दोन, डिस्ट्रिक्टच एकमेकांत विलीन झाली, म्हणजे मंडळ एक, कर एक, कर्ज एक. फरक कागदोपत्री वाटतो, पण गावाच्या हातात काय उरतं ते यावरच ठरतं. डिस्ट्रिक्ट विलीन करायची तर पुष्कळ राज्यांत दोन्हीकडच्या मतदारांचा कौल लागतो, त्यामुळे छोटं गाव अडून बसू शकतं. इमारत बंद करायला मात्र मंडळाचा ठराव पुरतो. वेस्ट व्हर्जिनियात 1933 पासून एक काउंटी म्हणजे एक डिस्ट्रिक्ट अशीच रचना आहे, राज्यभर मिळून 55. तिथे गावाला स्वतःचं डिस्ट्रिक्टच नाही, मग अडून बसायचं कशाच्या जोरावर?

रस्ता आला, बस आली

1917-18 मध्ये अमेरिकेत एकशिक्षकी शाळा जवळपास 1,96,000 होत्या. एक खोली, एक शेगडी, एक बाई किंवा मास्तर, आणि पहिलीपासून आठवीपर्यंतची सगळी मुलं एकत्र. या शाळा मुलांच्या पायांच्या हिशेबाने वसवलेल्या असत. लहान मूल जेवढं चालू शकेल तेवढ्या अंतरावर एक शाळा. 1969-70 पर्यंत त्यांतल्या 1,800 च्या आसपास उरल्या. डिस्ट्रिक्टचंही तेच झालं: 1939-40 मध्ये 1,17,000 हून अधिक, आज 13,000 च्या आगेमागे.

एवढी पडझड नुसत्या कुणाच्या मताने होत नाही. मतं तर कधीचीच होती. मॅसॅच्युसेट्सने 1869 मध्येच मुलांची ने-आण करायला सार्वजनिक पैसा वापरण्याची मुभा दिली होती. 1908 मध्ये थिओडोर रूझवेल्टने ग्रामीण जीवनाचा अभ्यास करायला आयोग नेमला. स्टॅनफर्डचे एल्वुड कबर्ली यांच्यासारखे शिक्षणतज्ज्ञ छोट्या शाळा मोडून मोठ्या करा म्हणून सांगत होते. शहरातल्या कारखान्याची शिस्त त्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि खेड्यातला शेतकरी आपली शाळा आपण चालवतो, हे त्यांना मागासपणाचं वाटे. पण मुलं आणायची कशी? सुरुवातीला घोडागाड्या होत्या. चिखलाच्या रस्त्यावर घोडागाडी जाऊन जाऊन किती लांब जाणार? पक्के रस्ते आणि मोटारबस आल्यावर मात्र शाळेचं अंतर पायांवरून चाकांवर गेलं, आणि तिथून वेग आला.

बस पिवळी का, याचीही हकीकत याच काळातली. 1939 मध्ये फ्रँक सायर या प्राध्यापकाने न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये राज्याराज्यांचे वाहतूक अधिकारी आणि बस बनवणाऱ्या कंपन्यांचे लोक जमवले. तोवर शाळेची गाडी म्हणजे ज्याला जी मिळेल ती. त्या बैठकीत बसची उंची, रुंदी, आसनं यांची मापं ठरली, आणि पहाटेच्या अर्धवट उजेडात चटकन दिसतो, त्यावर काळी अक्षरं उठून दिसतात, म्हणून तो नारिंगी छटेचा पिवळा रंग ठरला. सायर स्वतः नेब्रास्काच्या खेड्यातले. मोठ्या शाळेच्या कल्पनेला खरी चाकं लावली ती त्यांनी.

हायस्कूलचंच का अडतं

एका खोलीत आठ इयत्ता शिकवता येतात. कष्टाचं काम आहे, पण येतात. नववी ते बारावीला मात्र ते जमत नाही, कारण तिथे विषय फुटतात. जीवशास्त्र वेगळं, रसायन वेगळं, बीजगणित, भूमिती, परदेशी भाषा, शेतीचा व्यावसायिक अभ्यासक्रम, वाद्यवृंद. प्रत्येकाला माणूस हवा.

आकडे घेऊन पाहू. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. समजा एका गावच्या हायस्कूलचा पट 60, म्हणजे प्रत्येक इयत्तेत 15 मुलं. त्यांतली पाच रसायनशास्त्र घेतात. शिक्षकाचा वर्षाचा खर्च 60,000 डॉलर आणि तो दिवसाला सहा तास घेतो असं धरलं, तर एका तासिकेचा वर्षाचा खर्च 10,000 डॉलर. पाच मुलं असतील तर प्रत्येकी 2,000. शेजारच्या तीन गावांची मुलं आणून त्याच वर्गात वीस बसली तर प्रत्येकी 500. शिक्षक तोच, फळा तोच, तास तेवढाच. एकत्रीकरणाचं सगळं अर्थशास्त्र या एका वर्गात आहे.

दुसरी बाजू पैशाची नाही. साठ मुलांच्या शाळेत पाच मुलांसाठी रसायनाचा खास शिक्षक मिळतच नाही. मग जीवशास्त्राचाच माणूस रसायनही घेतो, भौतिकशास्त्र एक वर्षाआड होतं, आणि ज्या मुलाच्या वर्षी ते नसतं त्याचं राहून जातं. छोट्या शाळेची बाजू घेणारे हे जरा चटकन ओलांडून पुढे जातात. ज्या मुलीला अभियांत्रिकीला जायचंय आणि जिच्या शाळेत कॅल्क्युलसच नाही, तिला ‘आमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात’ याचा काय उपयोग?

1957 मध्ये सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला आपल्या विज्ञानशिक्षणाची धास्ती पडली. दोन वर्षांनी, 1959 मध्ये, जेम्स कोनंट यांचा हायस्कूलांवरचा अहवाल आला. कोनंट हार्वर्डचे माजी अध्यक्ष, आणि मुळात रसायनशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं, की बारावीच्या वर्गात किमान 100 मुलं नसतील तर हायस्कूलला सगळे विषय नीट देता येत नाहीत, म्हणून अशी शाळा दुसरीत मिळवावी. हा शंभराचा आकडा मग राज्याराज्यांत हत्यारासारखा वापरला गेला. 1959 मध्येच इंडियानाने शाळांच्या फेररचनेचा कायदा केला, 1963 मध्ये कॅन्ससने. शे-दीडशे मुलांच्या शाळा धडाधड बंद होत गेल्या.

पैसा खरंच वाचतो का

वाचतो, पण कुठे वाचतो ते पाहावं लागतं. विल्यम डंकम आणि जॉन यिंगर या अर्थतज्ज्ञांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रामीण डिस्ट्रिक्टच्या विलीनीकरणांचा अभ्यास केला. तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकी 300 मुलांची दोन डिस्ट्रिक्ट एकत्र आली तर दर मुलामागे चालू खर्च जवळपास 62 टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असं त्यांचं गणित सांगतं. ऐकून कुणीही म्हणेल, मग थांबलाय कशाला? पण विलीन होण्याचाच खर्च असतो. नवी इमारत, नव्या बस, नवी व्यवस्था. तो धरल्यावर निव्वळ बचत 31.5 टक्क्यांवर येते. प्रत्येकी 1,500 मुलांची डिस्ट्रिक्ट असतील तर ती 14.4 टक्के. म्हणजे फारच छोट्यांनी एकत्र येण्यात अर्थ आहे, आणि आकार वाढत जातो तसा फायदा आटत जातो.

त्यात एक गोष्ट घरोघरी ठाऊक असते पण ताळेबंदाच्या आराखड्यात क्वचित दिसते. दोन डिस्ट्रिक्टचे शिक्षक एकत्र आले की पगार जास्त असलेल्या बाजूला जुळवले जातात. कमी पगाराच्या बाजूला कुणी का जाईल? बचतीचा एक वाटा तिथेच जिरतो.

आणि राज्य सरकारं आमिषही दाखवतात. न्यूयॉर्कमध्ये विलीन झालेल्या डिस्ट्रिक्टला चौदा वर्षं जादा अनुदान मिळतं: पहिली पाच वर्षं 40 टक्के, नंतर दरवर्षी चार टक्क्यांनी उतरत जाणारं. हुंडा देऊन लग्न लावण्यातलाच प्रकार म्हणायचा. अनुदान संपल्यावर संसार कसा चालणार, याचा विचार मतदानाच्या वेळी किती जण करत असतील, मला शंका आहे.

घोडं अडतं ते बहुतेक वेळा मालमत्ता करावर. अमेरिकेत शाळांच्या पैशांपैकी ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास पैसा स्थानिक असतो आणि त्यातला मोठा भाग घर-जमिनीवरच्या करातून येतो. एका डिस्ट्रिक्टमध्ये जमीन भरपूर आणि मुलं कमी, तिथे कराचा दर कमी ठेवूनही भागतं. शेजारच्याकडे मुलं भरपूर आणि करपात्र मालमत्ता तुटपुंजी. दोघं एक झाले की पहिल्याचा दर वाढतो आणि दुसऱ्याच्या कर्जात त्याला वाटेकरी व्हावं लागतं. पहिल्या गावचा शेतकरी सभेत उठून ‘आमची परंपरा’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात परंपरा असतेच, पण खिशात कराची नोटीसही असते.

करपात्र मालमत्तेने शाळा किती श्रीमंत होते याचं एक दुःखद उदाहरण टेक्सासमध्ये आहे. न्यू लंडन इथली एकत्रित शाळा तेलविहिरींच्या करावर उभी राहिलेली, मंदीच्या काळातही थाटात. इमारत तापवायचा खर्च वाचावा म्हणून तेलक्षेत्रातल्या वाया जाणाऱ्या वायूच्या नळाला जोडणी घेतली. वायूला वास नव्हता. गळती कुणाला कळली नाही. 18 मार्च 1937 ला दुपारी स्फोट झाला आणि जवळपास 300 जण गेले, त्यांत बहुतेक मुलं. घरातला गॅस गळला की आज जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, आणि तो मिसळण्याचे कायदे या स्फोटानंतर झाले. हे थोडं विषय सोडून झालं, पण सांगितल्यावाचून पुढे जाववेना.

घड्याळाची वही

आता दुसऱ्या वहीकडे. बसचा मार्ग आखणारा माणूस नकाशाच्या सगळ्यात लांबच्या टोकापासून सुरुवात करतो. म्हणजे जे मूल सगळ्यात दूर राहतं ते सगळ्यात आधी चढतं आणि सगळ्यात शेवटी उतरतं. समजा जुनी शाळा बसने वीस मिनिटांवर होती आणि नवी पंचाहत्तर मिनिटांवर आहे. रोजचे जाऊन-येऊन 110 मिनिटं वाढले. शाळा वर्षाला साधारण 180 दिवस भरते. गुणाकार केला की 330 तास होतात. सात तासांची शाळा धरली तर 47 दिवसांची शाळा त्या मुलाने बसच्या खिडकीशी बसून काढली. चार वर्षं हायस्कूल, तर चार वेळा.

त्यातही हा भार सारखा वाटला जात नाही. ज्या गावात इमारत आहे तिथल्या मुलाचं घड्याळ जसंच्या तसं राहतं. टोकाच्या वस्तीवरचं मूल अंधारात उठतं. शाळा सुटल्यावर वाद्यवृंदाचा सराव असतो, तो संपेपर्यंत नेहमीची बस गेलेली असते, आणि घरी न्यायला आई किंवा वडील मोकळे असतील तरच ते मूल वाद्यवृंदात. म्हणजे नव्या शाळेत वाद्यवृंद आला खरा, पण कुणासाठी?

वेस्ट व्हर्जिनियाने यासाठी मार्गदर्शक मर्यादा ठरवलेल्या आहेत: एका बाजूचा प्रवास प्राथमिकच्या मुलांना 30 मिनिटं, मधल्या शाळेला 45, हायस्कूलला 60. पण डोंगराळ मुलूख, नागमोडी रस्ते. तिथे 1989 मध्ये शाळांच्या इमारतींना पैसा देणारं राज्य प्राधिकरण स्थापन झालं आणि पैसा हवा तर शाळा अमुक इतकी मोठी हवी, अशी अट आली. 1990 च्या दशकात राज्यात 300 हून अधिक शाळा बंद झाल्या. 2002 मध्ये राजधानी चार्ल्सटनच्या ‘गॅझेट’ या वर्तमानपत्राने लेखमालेतून हिशेब मांडला, तेव्हा सांगितलेली बचत सापडेना. वाहतुकीचा खर्च वाढला होता, मुलं कमी होऊनही अधिकारी वाढले होते, आणि अनेक मुलं ठरलेल्या मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसमध्ये होती.

त्याच राज्यातल्या लिंकन काउंटीची गोष्ट. 2000 मध्ये राज्याने तिथल्या शाळांचा कारभार आपल्या ताब्यात घेतला. ड्यूव्हल, गायन व्हॅली, हॅमलिन आणि हार्ट्स ही चार हायस्कूलं बंद करून 2006 मध्ये एक लिंकन काउंटी हायस्कूल उघडलं. यांतल्या हॅमलिनमधून 1941 मध्ये चक येगर बाहेर पडला होता, 1947 मध्ये ध्वनीपेक्षा वेगाने विमान उडवणारा पहिला माणूस. छोट्या शाळेतून कुणी मोठं होत नाही म्हणणाऱ्याला हॅमलिनचे लोक काय उत्तर देत असतील, ते सांगायला नको. एका येगरवरून शाळेचा दर्जा ठरत नाही, हेही खरं.

कुणाची शाळा राहिली

बसची गोष्ट अमेरिकेच्या दक्षिणेत वेगळीच होती. साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत गोऱ्या मुलांना न्यायला बस होत्या आणि काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. ती मैलोन्‌मैल चालत जात. 1947 मध्ये तिथल्या पालकांनी आपल्या मुलांसाठी एक बस मागितली. ती मिळाली नाही. त्या मागणीतून पुढे ‘ब्रिग्ज विरुद्ध एलियट’ हा खटला उभा राहिला, आणि ज्या पाच खटल्यांवर 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, त्यांतला तो एक.

निकालानंतर, बरीच वर्षं टाळाटाळ करून, दक्षिणेत गोऱ्यांची आणि काळ्यांची हायस्कूलं एकत्र झाली. हेही एकत्रीकरणच. मात्र बंद होण्याची पाळी बहुतेक वेळा काळ्यांच्या शाळेवर आली, किंवा तिची पातळी उतरवून मधल्या इयत्तांची शाळा केली गेली. तिचं नाव, रंग, गीत, सगळं गेलं. हजारो काळ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या किंवा पदं उतरली. समतेसाठी मागितलेली गोष्ट मिळताना हातची शाळा गेली. दोन शाळा ‘समान पातळीवर’ एक झाल्या असं कागदावर लिहिलेलं दिसलं की मी आधी पाहतो, इमारत कुणाची राहिली आणि मुख्याध्यापक कोण झाला.

सहा जणांचा फुटबॉल

बाहेरच्या माणसाला पोरकट वाटेल, पण एकत्रीकरणाच्या सभेत सगळ्यात जास्त वेळ खेळाच्या संघावर जातो. संघाचं बोधचिन्ह वाघ की गरुड, जर्सी निळी की लाल. मलाही आधी हसू यायचं. मग लक्षात आलं, की शुक्रवारी रात्री ज्या मैदानावर सगळं गाव जमतं ते मैदान सोडलं, तर पुष्कळ खेड्यांत गाव म्हणून एकत्र यायला दुसरी जागाच नसते.

1954 मध्ये इंडियानात मिलान नावाच्या गावच्या शाळेने राज्याचं बास्केटबॉल अजिंक्यपद जिंकलं. शाळेचा पट 161. अंतिम सामन्यात हरवलं ते मन्सी सेंट्रल या शहरातल्या बलाढ्य शाळेला. तेव्हा इंडियानात पटसंख्येनुसार गट नव्हते, सगळ्यांची एकच स्पर्धा. पाच वर्षांनी फेररचनेचा कायदा आला आणि मिलानसारख्या शेकडो शाळा नकाशावरून गेल्या.

पोरं कमी पडली की खेळच बदलायचा, हाही एक मार्ग. अकरा जण जमत नाहीत म्हणून नेब्रास्कातल्या स्टीफन एप्लर या शिक्षकाने 1934 मध्ये सहा जणांचा फुटबॉल काढला. हेब्रनला झालेला पहिलाच सामना हार्डी-चेस्टर यांच्या एकत्र संघाचा बेल्व्हिडियर-अलेक्झांड्रिया यांच्या एकत्र संघाशी होता. म्हणजे तिथेही आडव्या रेघा होत्याच! सामना 19-19 असा बरोबरीत सुटला. तो खेळ आजही टेक्सास-नेब्रास्काच्या विरळ भागांत खेळला जातो.

या खेळाच्या वेडामागचं कारण रॉजर बार्कर आणि पॉल गंप या कॅन्ससच्या मानसशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये दाखवून दिलं. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात, पण मुलं जितक्या पटींनी वाढतात तितक्या पटींनी जागा वाढत नाहीत. छोट्या शाळेत नाटक करायचं तर लाजाळू पोरालाही स्टेजवर ढकलावं लागतं, कारण त्याच्यावाचून नाटकच होत नाही. मोठ्या शाळेत तोच पोरगा प्रेक्षकांत बसतो. फुटबॉलचंही तेच, विद्यार्थी मंडळाचंही तेच. बारा खेळाडूंच्या जागा तीन शाळांत छत्तीस होतात. एकत्र शाळेत बाराच.

पुढे काय झालं या मुलांचं? क्रिस्टोफर बेरी आणि मार्टिन वेस्ट या संशोधकांनी 1930 ते 1970 चा काळ घेतला. त्या चाळीस वर्षांत सरासरी शाळा 87 मुलांवरून 440 वर गेली. त्यांना असं आढळलं, की ज्या राज्यांत शाळा लहान राहिल्या तिथल्या मुलांना शिक्षणाचा मोबदला पुढे कमाईत जास्त मिळाला. डिस्ट्रिक्ट मोठं झाल्याने थोडा फायदा दिसला, तो शाळा मोठी झाल्याच्या तोट्यापुढे टिकला नाही. हा साऱ्या देशाचा, चार दशकांचा सरासरी हिशेब आहे. अमुक गावाने काय करावं ते त्यातून निघत नाही. पण शंभराचा आकडा घेऊन फिरणाऱ्यांना तो अडचणीचा आहे.

गावाचं काय होतं, यावर कॉर्नेलचे समाजशास्त्रज्ञ थॉमस लायसन यांनी 2002 मध्ये लिहिलं. न्यूयॉर्कच्या खेड्यांत जिथे शाळा होती तिथे घरांच्या किमती आणि सोयीसुविधा जास्त होत्या. शाळा आहे म्हणून गाव बरं की गाव बरं म्हणून शाळा टिकली, हे त्यातून सुटत नाही. शाळा गेलेल्या गावातून फिरलेल्या माणसाला मात्र त्याचं फार पडलेलं नसतं.

लेक व्ह्यू आणि त्यानंतर

कायद्याने सक्ती केली की काय होतं ते आर्कान्सामध्ये दिसलं. मिसिसिपी नदीकाठच्या डेल्टा भागातल्या लेक व्ह्यू या छोट्या, गरीब, काळ्या वस्तीच्या डिस्ट्रिक्टने 1992 मध्ये राज्यावर खटला भरला: शाळांना मिळणारा पैसा असमान आहे. दहा वर्षांनी, 2002 मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. आता राज्याला सगळ्यांना पुरेसं शिक्षण देणं भाग होतं. गव्हर्नर माइक हकाबी यांनी त्यावर सुचवलं, 1,500 पेक्षा कमी मुलांची डिस्ट्रिक्ट मोडा. विधिमंडळाने तडजोड केली ती 350 वर. सलग दोन वर्षं पट त्याखाली गेला की विलीनीकरण. 2004 मध्ये लेक व्ह्यू डिस्ट्रिक्ट शेजारच्या बार्टन–लेक्सामध्ये विलीन झालं. खटला जिंकणाऱ्याचंच डिस्ट्रिक्ट त्या निकालातून निघालेल्या कायद्याने गेलं. 2015 मध्ये कायदा सैल झाला आणि चांगल्या चाललेल्या छोट्या डिस्ट्रिक्टना सवलत मागता येऊ लागली. लेक व्ह्यूला त्याचा उपयोग नव्हता.

सक्तीपेक्षा मला आयोवाची रीत जास्त शहाणपणाची वाटते, जरी ती वेळखाऊ असली. तिथे डिस्ट्रिक्ट लगेच विलीन होत नाहीत. आधी ‘होल ग्रेड शेअरिंग’ नावाचा करार करतात, म्हणजे इयत्ता वाटून घेतात. मंडळं दोन, कर दोन, कर्जं ज्याची त्याच्याकडे. पण दोन्ही गावांची नववी ते बारावी एका गावात बसते आणि सहावी ते आठवी दुसऱ्या गावात. लहान मुलांची शाळा जिथल्या तिथे. हा साखरपुडा काही वर्षं चालतो. जमलं तर मतदान होऊन नावात रेघ येते. नाही जमलं तर करार संपतो आणि कुणी तिसऱ्या गावाशी बोलणी सुरू करतं. मुलं मात्र तोवर एकमेकांच्या ओळखीची झालेली असतात. आईबापांना दुसऱ्या गावचे शिक्षक नावाने माहीत झालेले असतात. आणि करार चालू असेतो रोज सकाळी त्या दोन गावांमधल्या रस्त्यावर दोन पिवळ्या बस एकमेकींना ओलांडून जातात, एकीत या गावची मोठी पोरं, दुसरीत त्या गावची मधल्या इयत्तांतली.